विषाणू पेशीला भोक पाडत नाही

करोनाच्या काळात आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील गावोगावच्या भिंतींवर काटेरी चेंडू रंगवले गेले, आणि तेव्हापासून हे काटे पेशीला टोचून भोक पाडतात असा समज पारावर, शाळेत आणि दवाखान्याच्या रांगेतही पक्का बसला. तो चुकीचा आहे.

करोना, इन्फ्लूएंझा किंवा एचआयव्ही यांच्याभोवती मेदाचे पातळ आवरण असते. ते त्यांनी मागच्या पेशीत तयार होताना तिच्याच पटलापासून, म्हणजे मेदाच्या पातळ पडद्यापासून, घेतलेले असते. जेवताना रश्श्यावरची तर्री नीट पाहावी: दोन थेंब जवळ येतात, क्षणभर एकमेकांना टेकून थांबतात आणि मग एकच होतात, कुठेही काही फाटत नाही. विषाणूचे आवरण आणि पेशीचे पटलही असेच जुळतात. मात्र मधल्या पाण्याच्या थरामुळे ती आपणहून जवळ येत नाहीत, आणि काट्यांचे खरे काम इथेच सुरू होते. इन्फ्लूएंझाचा विषाणू पेशी स्वतःच एका पिशवीत आत ओढून घेते. पिशवीतील आम्लता वाढून सामू (पीएच) ५ च्या आसपास उतरला, की काट्यातील प्रथिन आकार बदलते, त्याचे दडलेले टोक पिशवीच्या पटलात रुतते आणि प्रथिन घडी घालून दोन्ही पटलांना एकत्र खेचते. प्रत्येक पटल दुहेरी थराचे असते: आधी एकमेकांना टेकणारे थर मिसळतात, मग पलीकडचे, आणि तयार झालेल्या वाटेने विषाणूचा जनुकीय ऐवज पेशीत उतरतो. एचआयव्हीला मात्र आम्लता लागत नाही.

हे आवरण मेदाचे असल्यामुळेच साबणाने ते विस्कटते, आणि हात धुण्याचा आग्रह त्यासाठीच होता.