जावक ई-मेलची मांडणी : होस्टिंगच्या मेल सर्व्हरमार्फत (बेळगाव सीमाभाग)

स्वतःच्या डोमेनच्या नावाने लिहिलेले मेल, वेबसाइट जिथे ठेवली आहे त्याच होस्टिंग कंपनीच्या मेल सर्व्हरवरून बाहेर पाठवण्याची व्यवस्था. होस्टिंग विकत घेतले की त्यासोबत बहुधा काही मेलपेट्या मिळतातच. त्यामुळे वेगळ्या मेलसेवेचे मासिक पैसे न भरता कंपनीच्या नावाचा पत्ता वापरू पाहणाऱ्या छोट्या आस्थापनांत ही पद्धत रूढ आहे. बेळगाव (१ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी), खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यातले कारखाने, पतसंस्था, कापडदुकाने आणि छापखाने तिचा वापर करतात.

सीमाभागात या गोष्टीला थोडे जास्त महत्त्व आहे, कारण येथील पुष्कळसा व्यवहार राज्याबाहेर चालतो. उद्यमबागेतल्या वर्कशॉपला कोल्हापूरचे गिऱ्हाईक शंभर-सव्वाशे किलोमीटरवर असले तरी जीएसटीच्या हिशेबी ते परराज्यातले. विकणाऱ्याचा क्रमांक २९ ने सुरू होतो, घेणाऱ्याचा २७ ने, आणि बिलावर आयजीएसटी (आंतरराज्य विक्रीवरचा जीएसटी) लागतो. खरेदी आदेश, बिलाची पीडीएफ, ई-वे बिल हे सगळे मेलने जाते. 'मेल गेलाय, खरं पोचला नाही' या तक्रारीमागे पुष्कळदा अडकलेले पेमेंट असते.

या मांडणीत पाठवणाऱ्याला आपली ओळख दोनदा पटवावी लागते : एकदा स्वतःच्या होस्टिंग सर्व्हरला आणि दुसऱ्यांदा मेल घेणाऱ्या परक्या सर्व्हरला. पहिली पटली नाही तर मेल निघतच नाही, म्हणून ती सगळेजण पूर्ण करतात. दुसरी राहून गेली तरी मेल 'सेंट'मध्ये दिसतो, आणि तिथेच घोटाळा होतो.

पहिली ओळख

मेल वाहून नेणारा एसएमटीपी हा प्रोटोकॉल (सर्व्हरनी आपसात बोलण्याचे नियम) जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये मांडला, तेव्हा पाठवणारा कोण हे तपासण्याची सोयच त्यात नव्हती. कुणीही कुठल्याही सर्व्हरला जोडून घ्यावे आणि कुणाच्याही नावाचा मेल हाती द्यावा, असा तो विश्वासाचा काळ होता. ग्राहकाने आपल्या सर्व्हरकडे मेल सोपवण्यासाठी ५८७ हा स्वतंत्र पोर्ट (सर्व्हरचे क्रमांक दिलेले दार) १९९८ मध्ये नेमला गेला, आणि युजरनेम-पासवर्ड तपासण्याची जोड १९९९ मध्ये मिळाली. २५ क्रमांकाचा मूळ पोर्ट सर्व्हर-सर्व्हरमधल्या देवघेवीसाठी उरला. स्पॅमच्या भीतीने इंटरनेट पुरवणारे तो ग्राहकांच्या जोडणीवर अनेकदा बंदच ठेवतात. जुन्या संगणकावरच्या मेल प्रोग्राममध्ये २५ तसाच राहिलेला असतो आणि इंटरनेट कंपनी बदलल्यावर जावक एकाएकी थांबते, ते यामुळे.

भरायच्या गोष्टी मोजक्याच : सर्व्हरचे नाव, पोर्ट, सुरक्षेचा प्रकार, युजरनेम, पासवर्ड. युजरनेम म्हणून बहुतेक होस्टिंगवर संपूर्ण ई-मेल पत्ता लागतो, नुसते आधीचे नाव चालत नाही. पोर्ट ४६५ घेतला तर जोडणी पहिल्या क्षणापासून टीएलएसने (मजकूर सांकेतिक करणाऱ्या आवरणाने) झाकलेली असते. ५८७ वर ती उघडी सुरू होऊन स्टार्टटीएलएस या आज्ञेनंतर झाकली जाते. जुन्या लेखांत ४६५ कालबाह्य म्हटलेला आढळतो, पण जानेवारी २०१८ मध्ये त्याला पुन्हा अधिकृत मान्यता मिळाली. दोन्ही चालतात.

सर्व्हरच्या नावाबाबत एक अडचण वारंवार येते. आपल्या डोमेनपुढे 'मेल' जोडून तयार झालेले नाव भरले, पण सर्व्हरवरचे प्रमाणपत्र (त्याची ओळख पटवणारा डिजिटल दाखला) होस्टिंग कंपनीच्या नावाचे असले, की इशारा झळकतो. तो 'स्वीकारा' म्हणून दाबून टाकण्याची सवय वाईट. पलीकडे खरोखर आपलाच सर्व्हर आहे का, हे त्यानंतर कुणीच तपासत नाही. कंपनीने दिलेले सर्व्हरचे मूळ नाव भरावे, किंवा आपल्या नावाचे प्रमाणपत्र त्या सर्व्हरवर बसवून घ्यावे.

आवक आणि जावक या दोन वेगळ्या जोडण्या आहेत. मेल येतो पण जात नाही, असे झाले तर जावकेच्या रकान्यात पासवर्ड भरायचा राहिला आहे का, हे आधी पाहावे. सर्व्हरच्या उत्तरातला आकडाही बोलका असतो. ५३५ म्हणजे ओळख नाकारली. ५५० म्हणजे पलीकडची पेटी अस्तित्वात नाही किंवा मेल स्वीकारायला नकार. ४ ने सुरू होणारा आकडा तात्पुरत्या अडचणीचा, त्यात सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करतो. ५ ने सुरू होणारा कायमचा नकार.

मोबाइलवर आणखी एक प्रकार घडतो. चुकीचे पासवर्ड वारंवार आले की होस्टिंगचा फायरवॉल (सर्व्हरचा पहारेकरी प्रोग्राम) तो आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा जोडणीचा क्रमांक, अडवतो. मोबाइल नेटवर्कवर एकाच बाहेरच्या आयपीमागे असंख्य ग्राहक असू शकतात, त्यामुळे दुसऱ्याच कुणाच्या चुकीची शिक्षा आपल्याला भोगावी लागते. ऑफिसच्या वायफायवर मेल जातो, निपाणी ओलांडून कागलकडे जाताना जात नाही, आणि थोड्या वेळाने आपोआप जातो, असे दिसले तर फोनची सेटिंग विस्कटण्यापूर्वी ही शक्यता धरावी.

दुसरी ओळख

मेलवर पाठवणाऱ्याचे नाव दोन ठिकाणी असते : बाहेरच्या लिफाफ्यावर आणि आतल्या लेटरहेडवर. वाचणाऱ्याला फक्त लेटरहेड दिसते, सर्व्हर लिफाफाही पाहतो, आणि दोन्हीवरची नावे वेगळी असू शकतात. फसव्या मेलचा धंदा याच फटीवर चालतो, आणि ती बुजवण्यासाठी डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनविषयीच्या जाहीर नोंदवहीत) तीन नोंदी करायच्या असतात.

एसपीएफ ही नोंद लिफाफ्यावरच्या डोमेनसाठी आहे. या डोमेनच्या नावाने मेल पाठवण्याची मुभा कोणकोणत्या सर्व्हरना आहे, याची ती जाहीर यादी. तिच्या शेवटी 'ऑल' या शब्दापुढे वजाचे चिन्ह असेल तर यादीबाहेरचे मेल नाकारा असा अर्थ. टिल्ड (~) असेल तर संशयित समजा. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. पूर्वीची होस्टिंगची नोंद तशीच ठेवून कुणी नव्या सेवेची दुसरी जोडली की दोन्ही निकामी होतात; त्या एका ओळीत एकत्र कराव्या लागतात. ही यादी तपासताना १० पेक्षा जास्त डीएनएस शोध लागले तरी ती बाद ठरते.

डीकेआयएममध्ये पाठवणारा सर्व्हर प्रत्येक मेलवर गुप्त किल्लीने डिजिटल सही करतो आणि तिची जाहीर किल्ली डीएनएसमध्ये असते. मेल वाटेत बदलला तर सही जुळत नाही. उलट मेल एका पेटीतून दुसरीकडे आपोआप पुढे पाठवला गेला तर एसपीएफ बहुधा मोडतो, सही टिकते. पुण्याच्या खरेदी विभागाचा पत्ता आतून कुठेतरी फॉरवर्ड केलेला असेल, तर बेळगावच्या बिलाला तारणारी ही सहीच. ती चालू करणे सीपॅनलसारख्या होस्टिंगच्या नियंत्रण पॅनलमध्ये काही क्लिकचे काम आहे. तरी ती राहून जाते, कारण तिच्यावाचून मेल 'जातो'.

डीमार्क ही तिसरी नोंद पहिल्या दोन्हींचा संबंध लेटरहेडवरच्या डोमेनशी जोडते आणि तपासणीत नापास झालेल्या मेलचे काय करावे हे घेणाऱ्याला सांगते : काही नको, स्पॅममध्ये टाका, किंवा परत फिरवा. सुरुवात पहिल्या पर्यायाने करून अहवाल मागवावेत. थेट तिसरा लावला तर यादीत घालायच्या विसरलेल्या ठिकाणांहून निघणारे आपलेच मेल परत फिरतात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी सर्वच पाठवणाऱ्यांना एसपीएफ किंवा डीकेआयएम सक्तीचे केले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० च्या आसपास किंवा अधिक मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही नोंदी लागतात.

नोंदी करण्यासाठी डीएनएसचा ताबा हवा. बऱ्याच ठिकाणी वेबसाइट कुणा ओळखीच्या मुलाने करून दिलेली असते, डोमेन त्याच्याच खात्यात असते, आणि तो नोकरीला बेंगळुरू किंवा पुण्याला गेलेला असतो. मग दहा मिनिटांच्या कामाला आठवडे लागतात. डोमेन आस्थापनेच्या स्वतःच्या खात्यात आणून घेणे हे या मांडणीतले खरे पहिले काम, पोर्ट क्रमांक त्यानंतर. शहराचे नाव बदलल्यावर काहींनी जुन्या नावाच्या डोमेनच्या जोडीला नव्या नावाचे डोमेन घेतले असेल, तर दोन्हींच्या नोंदी स्वतंत्र कराव्या लागतात. एकाच्या दुसऱ्याला लागू होत नाहीत.

वेबसाइटवरचा फॉर्म

चौकशी फॉर्ममधला मेल पीएचपीच्या (वेबसाइट लिहिण्याच्या एका भाषेच्या) साध्या मेल फंक्शनने पाठवण्यापेक्षा युजरनेम-पासवर्ड देऊन एसएमटीपीने पाठवणे चांगले. फॉर्ममध्ये पाठवणाऱ्याच्या जागी गिऱ्हाइकाचा पत्ता घालू नये. याहूने एप्रिल २०१४ मध्ये आपल्या डोमेनला डीमार्कचा कडक पर्याय लावला, तेव्हापासून याहूच्या पत्त्याच्या नावाने परक्या सर्व्हरवरून निघालेले मेल नाकारले जातात. पाठवणारा पत्ता आपल्या डोमेनचा असावा, गिऱ्हाइकाचा पत्ता 'रिप्लाय-टू'मध्ये, म्हणजे उत्तर कुठे जावे त्या रकान्यात.

वेबसाइट एका कंपनीकडे आणि मेलपेट्या दुसरीकडे असल्या तर एक विचित्र लक्षण दिसते : फॉर्मचे मेल सगळ्यांना पोचतात, फक्त स्वतःच्या ऑफिसला नाही. होस्टिंग सर्व्हर ते डोमेन आपल्याच घरचे समजून मेल स्थानिक पेटीत टाकतो, जी कुणी उघडत नाही. सीपॅनलमध्ये मेलचा मार्ग 'लोकल'ऐवजी 'रिमोट' केला की प्रश्न सुटतो.

सामायिक होस्टिंगवर तासाला किती मेल जावेत याला मर्यादा असते. पतसंस्थेच्या वार्षिक सभेची नोटीस हजारो सभासदांना एका दमात पाठवायला ही जागा नव्हे. शिवाय आयपी अनेक वेबसाइटमध्ये वाटलेला असतो. शेजाऱ्याच्या स्पॅममुळे तो काळ्या यादीत गेला तर आपलेही मेल अडतात, आणि त्यावर कंपनीकडे तगादा लावण्यापलीकडे फारसे काही हाती नसते.

लिपी आणि जोडपत्रे

सीमाभागातल्या एकाच ऑफिसातून सभासदांना मराठीत, सरकारी खात्याला कन्नडमध्ये आणि कारखान्याला इंग्रजीत मेल जातात. युनिकोड (सर्व लिप्यांची एकच सामायिक अक्षरसंहिता) वापरला तर एका मेलमध्ये तिन्ही नांदतात. अडचण येते ती छापखान्यातून आलेल्या मजकुराची. श्रीलिपी किंवा नुडीच्या जुन्या फॉन्टांमध्ये टाइप केलेला मजकूर आतून रोमन अक्षरांच्याच जागांवर बसवलेला असतो; तो मेलमध्ये चिकटवला की पलीकडे निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. सर्व्हरचा यात काही दोष नाही. आधी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा किंवा पीडीएफ जोडावी.

विषयाच्या ओळीत मराठी असले की ती ७५ अक्षरांपेक्षा लांब नसलेल्या तुकड्यांत संकेतबद्ध होते. देवनागरीचे एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवण्याच्या रूढ पद्धतीत) तीन बाइट घेते, त्यामुळे छोटासा विषयही अनेक तुकड्यांत जातो. कच्च्या लिहिलेल्या फॉर्म प्रोग्रामने चिन्हाच्या मध्येच तुकडा पाडला तर तिथे चौकट किंवा प्रश्नचिन्ह दिसते. जोडपत्रेही संकेतबद्ध होताना सुमारे एक तृतीयांशाने फुगतात. पलीकडची मर्यादा २५ एमबी असेल तर ड्रॉइंगची फाइल १८ एमबीच्या आतच ठेवावी.

जावकेची नोंद

एसएमटीपी मेल पाठवतो, त्याची प्रत ठेवत नाही. 'सेंट'मधली प्रत मेल प्रोग्राम आयमॅपने (सर्व्हरवरच्या पेटीशी जोडणाऱ्या प्रोटोकॉलने) वेगळी जमा करतो. फॉर्मवरून किंवा बिलिंग सॉफ्टवेअरवरून गेलेल्या मेलची प्रत सहसा कुठेच नसते. जावक रजिस्टरची सवय असलेल्या ऑफिसांनी अशा मेलची गुप्त प्रत, म्हणजे बीसीसी, एका ठरावीक पेटीवर घ्यावी. मेल कधी निघाला आणि पलीकडच्या सर्व्हरने काय उत्तर दिले हे होस्टिंगच्या डिलिव्हरी लॉगमध्ये सापडते, पण तो थोडेच दिवस राखला जातो. वाद निर्माण झाल्यास त्याची प्रत लगेच काढावी.

होस्टिंग बदलताना नव्या सर्व्हरची डीकेआयएम किल्ली आणि एसपीएफमधले नाव आधी डीएनएसमध्ये घालावे, मग मेल हलवावा. जुनी किल्ली काही दिवस राहू द्यावी, कारण तिने सही केलेले मेल अजून वाटेत असू शकतात. जुन्या कंपनीचे नाव मात्र एसपीएफमधून नंतर आठवणीने काढावे, नाहीतर तिच्या सर्व्हरना आपल्या नावाने मेल पाठवण्याची मुभा तशीच राहते.