पेलेट धुणं वेगळं, पेलेटला तेल लावणं वेगळं

पेलेट म्हणजे एअर रायफलची शिशाची छोटी गोळी, आणि ग्रुप म्हणजे टार्गेटवर पडलेल्या शॉटचा पुंजका. "पेलेट धुऊन, तेल लावून मारले आणि ग्रुप सुधारला," असं कोणी म्हणालं की मी विचारतो, धुतल्यामुळे सुधारला की तेलामुळे? उत्तर सहसा मिळत नाही. दोन्ही कामं एकाच बैठकीत उरकलेली असतात, त्यामुळे डोक्यातही ती एकच होऊन बसतात.

धुणं तुम्हाला माहीत आहेच. कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, मग स्वच्छ पाणी, मग कापडावर पूर्ण सुकवणं. फक्त खळखळ हलवू नका. शिसं मऊ असतं, स्कर्टची, म्हणजे पेलेटच्या मागच्या पोकळ भागाची, कड पातळ. आपटून ती दबली तर धुण्याचा उपयोग शून्य. धुतल्यावर शिशाचा कीस, काळी भुकटी आणि कारखान्यातलं वंगण निघून जातं. कधी स्कर्टच्या पोकळीतून बारीक ढलपीही बाहेर पडते. हातमोजे घाला आणि स्वयंपाकाची भांडी यासाठी अजिबात वापरू नका.

गोंधळ होतो तो तेलाशी. तेल लावतो पेलेटला, पण ते असतं बॅरलसाठी, म्हणजे रायफलीच्या नळीसाठी. वेगवान रायफलीत उघडं शिसं रायफलिंगच्या, म्हणजे बॅरलच्या आतल्या पिळदार, खोबणीत चिकटत जातं आणि ग्रुप हळूहळू फाकतो. पेलेटवरचं तेल खोबणीत अगदी पातळ थर धरतं आणि शिसं चिकटू देत नाही. हा थर एका शॉटमध्ये बसत नाही आणि एका शॉटमध्ये जातही नाही. साफ केलेल्या बॅरलमधून तेलाचे पेलेट मारायला घेतले की माझ्या रायफलीत पहिले 20-30 शॉट जागा बदलत राहतात, मग ग्रुप एका जागी बसतो. लोक मात्र 10 शॉट मारून निकाल लावतात. उलटंही होतं: तेलाच्या पेलेटनंतर नुसते धुतलेले मारले तर जुन्या थरावर ते काही काळ झकास जातात, आणि "तेलाची गरजच नाही" असं ठरतं. मीही असंच ठरवलं होतं; 100-150 शॉटनंतर बॅरलमधून ओढलेल्या पांढऱ्या कापडी पॅचवर राखाडी रेघा दिसल्या तेव्हा चूक कळली. तुलना करायची तर आधी बॅरल साफ करा, मग प्रत्येक प्रकाराचे निदान 30 शॉट सोडून द्या आणि त्यानंतरचेच मोजा.

प्रमाणही महत्त्वाचं. डबीच्या तळाशी फोमचा तुकडा, त्यावर चार-पाच थेंब, पेलेट त्यावर हलके फिरवायचे. बोटाला किंचित चकाकी लागली की पुरे. ओले दिसणारे पेलेट मला बघवत नाहीत. प्रत्येकावर तेल कमी-जास्त, म्हणून प्रत्येकाचा वेगही वेगळा.

आणि पीसीपीवाल्याचा (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल वापरणाऱ्याचा) सल्ला स्प्रिंगवाल्याने घेऊ नये. स्प्रिंग रायफलीत पिस्टन हवा झटक्यात दाबतो, ती प्रचंड तापते आणि स्कर्टमधलं खनिज तेल पेटतं. यालाच डिझेलिंग म्हणतात: धूर, जळका वास, कडक आवाज, उसळलेला वेग, आणि सीलला व स्प्रिंगला मार. पीसीपीत दाबलेली हवा प्रसरण पावताना थंड होते, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही. स्प्रिंगसाठी मी पेलेट फार तर धुतो, तेल नाही. वेगवान पीसीपीसाठी दोन्ही करतो.

10 मीटरच्या मॅचसाठी दोन्ही नाही. 4.5 मिमीचा पेलेट तिथे सेकंदाला साधारण 170 मीटरने जातो. एवढ्या वेगात शिसं चिकटण्याची फारशी भीती नसते. चांगल्या डबीतला पेलेट उचलायचा, स्कर्ट गोल आहे का पाहायचं आणि थेट भरायचा.