हिऱ्यातले डाग कसे वाचायचे

भिंगातून हिरा पाहायचा तर भिंग डोळ्याच्या अगदी जवळ धरावं लागतं आणि हिरा भिंगापासून साधारण अडीच सेंटिमीटरवर आणावा लागतो. भिंगाचा हात गालाला टेकलेला, चिमट्याचा हात त्या हाताला टेकलेला, दोन्ही डोळे उघडे. हे जमेपर्यंत हिरा नुसता थरथरतो आणि लखलखाटाशिवाय काही दिसत नाही. मी पहिल्यांदा असं पाहिलं तेव्हा बरोबर मध्यावर एक ठळक पांढरा ठिपका होता. हाच दोष, असं वाटलं. मऊ कापडाने हिरा पुसला आणि ठिपका गेला. ती धूळ होती. हिऱ्याला तेलकटपणा फार चटकन चिकटतो, आणि तेलकटपणावर धूळ बसते. खाणींमध्ये या गुणाचा पुरेपूर उपयोग झाला आहे: चुरलेला खडक पाण्याबरोबर ग्रीस फासलेल्या पृष्ठभागावरून सोडायचा, खडी वाहून जाते आणि हिरे चिकटून राहतात. त्यामुळे आधी पुसायचं, मग पाहायचं. पुसूनही जे जात नाही आणि हिरा हळूहळू फिरवला की त्याच्या आतच फिरतं, ते खरं ‘इन्क्लूजन’.

हिऱ्याच्या क्लॅरिटीची, म्हणजे तो किती निर्दोष आहे याची, आज जगभर चालणारी प्रतवारी अशाच दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगावर उभी आहे. जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका म्हणजे जीआयए या संस्थेत रिचर्ड लिडिकोट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये तिचा पाया घातला. त्याआधी ज्याचे त्याचे शब्द होते. आज या प्रतवारीत ११ पायऱ्या आहेत. सर्वांत वर एफएल, म्हणजे आत काही नाही आणि पृष्ठभागावरही काही नाही. मग आयएफ, आतून स्वच्छ पण वर एखादा बारीकसा ओरखडा चालतो. त्याखाली व्हीव्हीएस (अगदी अगदी किंचित डाग) १ आणि २, व्हीएस (अगदी किंचित) १ आणि २, एसआय (किंचित) १ आणि २, आणि तळाशी आय (सरळ डागाळलेले) १, २, ३. व्हीव्हीएसमधलं इन्क्लूजन कसलेल्या तपासनिसालाही भिंगाखाली मुश्किलीने सापडतं. एसआयमधलं भिंग लावताच नजरेत भरतं. आय वर्गातलं बहुधा भिंगाशिवायही दिसतं.

दहापट हा आकडा माणसांनी ठरवलेला आहे, आणि तो काय करतो हे एकदा हिशोब मांडून पाहण्यासारखं आहे. निरोगी डोळ्याला २५ सेंटिमीटरवरून दोन बिंदू वेगळे दिसायला त्यांच्यात सुमारे ०.०७ मिलिमीटर अंतर लागतं, म्हणजे साधारण एका केसाची जाडी. दहापट भिंगाखाली हीच मर्यादा ०.००७ मिलिमीटरवर येते, जवळपास एका तांबड्या रक्तपेशीएवढी. एफएलचा अर्थ इतकाच, की या मर्यादेपर्यंत तज्ज्ञाला काही सापडलं नाही. तोच हिरा जास्त ताकदीच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर काहीतरी सापडू शकतं. म्हणूनच व्हीव्हीएस आणि व्हीएस यांच्यातला फरक खरा असला, तरी तो भिंगाच्या दुनियेतला आहे. बोटातला हिरा कोणी भिंग लावून बघत नाही. हातभर अंतरावरून दिसते ती चमक, आणि ती मुख्यतः पैलू किती नेमक्या कोनांत पाडलेत यावर ठरते. माझं स्पष्ट मत असं, की क्लॅरिटीच्या वरच्या पायऱ्यांवर जास्तीचे पैसे घालण्याआधी ते उत्तम कटवर घालावेत.

मुळात हे डाग येतात कुठून? नैसर्गिक हिरे बहुतांशी जमिनीखाली १५० ते २०० किलोमीटर खोलीवर तयार झाले. तिथे तापमान हजार अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून जास्त आणि दाब वातावरणाच्या सुमारे ५० हजार पट. वाढत असलेल्या स्फटिकाने शेजारी जे होतं ते पोटात घेतलं: गार्नेटचा लालसर कण, ऑलिव्हीनचा रंगहीन कण, धातूंची काळी सल्फाइडं. ज्या काळ्या ठिपक्याला सर्रास ‘कार्बन’ म्हटलं जातं, तो पुष्कळदा सल्फाइडचा कण असतो, तर कधी कणाभोवतीच्या बारीक तड्यात तयार झालेलं ग्रॅफाइट, म्हणजे खरोखरच कार्बन.

तपासनिसाला नको असलेला हा ऐवज भूशास्त्रज्ञाला मात्र अमोल वाटतो. हिऱ्यात बंद झालेला कण कोट्यवधी वर्षं बाहेरच्या जगापासून तुटलेला राहतो. ब्राझीलमधल्या जुईना भागातल्या एका हिऱ्यात रिंगवुडाइट नावाचं खनिज सापडल्याचं २०१४ मध्ये जाहीर झालं. हे खनिज साधारण ५०० किलोमीटरच्या खाली टिकतं, आणि त्या एवढ्याशा कणाच्या वजनात एक टक्क्याहून जास्त पाणी होतं, खनिजाच्या रचनेतच बांधलेलं. इतक्या खोलीवरच्या खडकात पाणी असू शकतं याचा थेट पुरावा एका डागाळलेल्या हिऱ्याने दिला. त्याआधी २०११ मध्ये स्टीव्हन शायरी आणि स्टीफन रिचर्डसन यांनी अशाच कणांच्या वयावरून मांडलं, की भूपट्ट एकमेकांखाली जाण्याचं आणि खंड जुळण्या-तुटण्याचं चक्र सुमारे ३ अब्ज वर्षांपूर्वी सुरू झालं असावं. डाग या शब्दात जी नाराजी आहे, ती हे वाचल्यावर माझ्या मनातून तरी गेली.

आता खरेदीकडे. समजा एसआय १ दर्जाचे दोन हिरे शेजारी ठेवलेत. कागदावर दोघांची अक्षरं तीच. एकात टेबलाच्या, म्हणजे वरच्या सपाट पैलूच्या, अगदी मधोमध एक काळा कण आहे. दुसऱ्यात कडेजवळ एक पांढुरकी पिसासारखी भेग आहे. प्रत ठरवताना इन्क्लूजनचा आकार, संख्या, जागा, प्रकार आणि उठाव या पाचही गोष्टी तोलल्या जातात, पण शेवटी त्यांचं एकच अक्षर होतं आणि तपशील त्यात विरून जातो. हिऱ्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याची ताकद, २.४२ इतका मोठा आहे, त्यामुळे आत शिरलेला प्रकाश खालच्या पैलूंवर आपटून वर परततो. नको त्या जागी बसलेला एकच कण या आरशांत पाच-सहा ठिकाणी उमटू शकतो. हिरा थोडा कलता करा. ठिपक्यांची रांग एकदम दिसली आणि एकदम नाहीशी झाली, तर ती प्रतिबिंबं समजावीत. एमराल्ड कटसारख्या लांब, पायरीदार पैलूंच्या हिऱ्यात कण लपायला जागाच नसते. त्यात एक-दोन पायऱ्या वरची प्रत घेणं शहाणपणाचं.

कडेजवळच्या भेगेचा प्रश्न दिसण्याचा नाही, मजबुतीचा आहे. हिऱ्यावर ओरखडा काढणं अवघड, पण तो फुटतच नाही असं नाही. त्याच्या स्फटिकात चार दिशांचे कमकुवत प्रतल असतात आणि त्यांवर नेमका आघात झाला तर तो दुभंगतो. पिसासारख्या दिसणाऱ्या भेगेला व्यवहारात ‘फेदर’ म्हणतात. जुन्या संस्कृत रत्नशास्त्रात हिऱ्याच्या दोषांमध्ये बिंदू आणि रेखा यांच्याबरोबर ‘काकपद’ येतं, कावळ्याच्या पावलासारखी खूण. मला तो शब्द फेदरपेक्षा नेमका वाटतो. आतमध्ये राहिलेली बारीक भेग वर्षानुवर्षं काही करत नाही. पण ती पृष्ठभागापर्यंत आलेली असेल, आणि त्यातही टोकदार कोपऱ्याजवळ किंवा कोंदणाची नखी दाबली जाईल तिथे असेल, तर तो हिरा सोडून द्यावा.

तिसरा प्रकार सगळ्यांत फसवा: क्लाउड, अतिसूक्ष्म कणांचा पुंजका. एकेक कण दिसत नाही, पण पुंजका दाट असला तर आख्खा हिरा कोणी त्यावर फुंकर मारल्यासारखा धूसर दिसतो. प्रमाणपत्राच्या तळाशी शेऱ्यांची जागा असते, तिकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. क्लॅरिटीची प्रत प्रमाणपत्रावरच्या इन्क्लूजनच्या नकाशात न दाखवलेल्या क्लाउड्सवर आधारलेली आहे, असा शेरा तिथे असेल तर थांबा. व्हीएसमध्ये त्याची काळजी नसते. एसआयमध्ये, विशेषतः एसआय २ मध्ये, असा हिरा प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय घेऊ नये. तो पाहताना दुकानातल्या प्रखर दिव्यांपासून दूर, खिडकीच्या उजेडात, दुसऱ्या एखाद्या स्वच्छ हिऱ्याशेजारी ठेवा.

हिऱ्यावर काही उपचार झालेत का, हेही विचारायचं. काळ्या कणापर्यंत लेझरने बारीक बीळ पाडून तो ॲसिडने फिका करतात. भेगेत काचेसारखा पदार्थ भरूनही ती दिसेनाशी करतात. हे भरण उष्णतेने बिघडू शकतं, आणि अशा हिऱ्याला जीआयए प्रतच देत नाही. प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यांना काही संस्था हीच अक्षरं देत असल्या तरी आतला ऐवज वेगळा असतो: प्रचंड दाब आणि उष्णतेने वाढवलेल्यांत कधीकधी धातूचे कण असतात, वायूपासून वाढवलेल्यांत काळे कार्बनचे ठिपके.

मोठ्या हिऱ्याच्या प्रमाणपत्रावर त्याच्या इन्क्लूजनचा नकाशा छापलेला असतो. लाल खुणा आतल्या, हिरव्या पृष्ठभागावरच्या. हिरा सुटा असतानाच तो नकाशा समोर ठेवून एकेक खूण भिंगाखाली शोधावी, कारण कोंदणात बसल्यावर नख्यांखाली काय दडलं ते कळत नाही. यात वेळ जातो, पण एक मोठा फायदा होतो. पुढे कधी अंगठी दुरुस्तीला दिली आणि परत आली, की भिंग काढायचं आणि कडेपासून थोडं आत, दोन पैलूंच्या सांध्याखाली, तो ओळखीचा तिरका कण शोधायचा. तो जागेवर असेल तर हिरा तुमचाच आहे. एफएल हिऱ्यात असं शोधायला काही नसतं. तिथे कडेवर लेझरने कोरलेला क्रमांक असला तरच खात्री करता येते.