नाव दिल्याने गणित मंदावते का?

प्रोग्राममधल्या संख्यांना वाचायला सोपी नावे दिली की तो मंदावतो, खरा वेग हवा तर त्यांच्या जागांच्या क्रमांकांशीच झुंजावे लागते, असा समज मुरलेल्या प्रोग्रामरांतही आढळतो. तो चुकीचा आहे. का चुकीचा, हे पाहायला रस्ट भाषेतल्या ‘एनअल्जिब्रा’ या रेषीय बीजगणिताच्या लायब्ररीइतके (म्हणजे तयार कोडच्या संचाइतके) देखणे उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

मॅट्रिक्स म्हणजे ओळी आणि स्तंभांत मांडलेल्या संख्या. गेममधले पात्र वळवायला ती लागते, यंत्रमानवाचा हात हलवायलाही. पण संगणकाच्या मेमरीत ओळी नसतात आणि स्तंभही नसतात. चाळीतल्या खोल्यांसारखी एकच सलग रांग असते. दोन बाय दोनच्या चार संख्या या रांगेत कशा बसवायच्या? सी भाषेत आधी पहिली ओळ, मग दुसरी. फोरट्रानमध्ये आधी पहिला स्तंभ, मग दुसरा. एनअल्जिब्राने फोरट्रानची वाट धरली आहे. त्यामुळे रांगेतली तिसरी संख्या मॅट्रिक्समध्ये नेमकी कुठली, हे दर वेळी आठवत बसावे लागते. ‘एम१२’ म्हटले की पहिली ओळ, दुसरा स्तंभ, प्रश्नच मिटतो.

गंमत अशी, की मॅट्रिक्सच्या आत एम१२ नावाचे काही नसतेच. आत असतो तो फक्त संख्यांचा अ‍ॅरे. लायब्ररीने एक वेगळी रचना, म्हणजे स्ट्रक्ट, जाहीर करून ठेवलेली असते. तिच्यात एम११, एम२१, एम१२, एम२२ अशी चार फील्ड्स, म्हणजे नाव दिलेले कप्पे, बरोबर रांगेच्याच क्रमाने. आपण एम१२ मागतो तेव्हा कंपायलरला, म्हणजे प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनाला, मॅट्रिक्समध्ये हे नाव सापडत नाही. मग तो ‘डीरेफ’ या सोयीचा आधार घेतो: मॅट्रिक्सचा पत्ता तोच ठेवतो आणि तिथली मेमरी त्या स्ट्रक्टची आहे असे धरून चालतो. एकही संख्या इकडची तिकडे होत नाही. एम१२ तिसरे फील्ड आहे आणि दुहेरी अचूकतेची प्रत्येक संख्या ८ बाइटांची, म्हणून सुरुवातीच्या पत्त्यात १६ मिळवायचे. हे १६ कंपाइल करतानाच ठरते. ऑप्टिमाइझ केलेल्या, म्हणजे कंपायलरने वेगासाठी अनावश्यक टप्पे काढून टाकलेल्या, यंत्रभाषेत ना नाव उरते, ना स्ट्रक्ट.

यात एक धोका दडलेला आहे. स्ट्रक्टमधल्या फील्ड्सचा क्रम स्वतःच्या सोयीने बदलण्याची मुभा रस्टने राखून ठेवली आहे. म्हणून या स्ट्रक्टवर ‘सीप्रमाणेच मांडणी’ अशी सक्ती करावी लागते. ती नसती आणि एम१२ व एम२१ यांची अदलाबदल झाली असती, तर फिरवण्याची मॅट्रिक्स उलट्या दिशेने फिरवू लागली असती, आणि तेही कुठलीही तक्रार न करता.

‘रस्टमध्ये लिहा, प्रोग्राम आपोआप विजेसारखा धावेल’ असा प्रचार हल्ली जोरात चालतो. त्यावर विश्वास ठेवू नये. ऑप्टिमायझेशन बंद असताना डीरेफचे हे मधले टप्पे खरोखरची फंक्शन कॉल म्हणून राहतात आणि वेळ खातात. वेग मिळतो तो कंपायलरच्या मेहनतीतून, भाषेच्या नावातून नव्हे.

नावांचा मला वाटणारा मोठा फायदा वेगळाच आहे. दोन मितींच्या सदिशाकडे (व्हेक्टरकडे), ज्यात फक्त एक्स आणि वाय असतात, ‘झेड’ मागितला, तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही. क्रमांकाने तिसरा घटक मागितला असता, तर चूक बहुधा प्रोग्राम चालू असताना, तो कोसळल्यावर कळली असती. मात्र एक पथ्य पाळावे लागते: नावांतले आकडे १ पासून मोजतात, क्रमांक ० पासून. एम१२ म्हणजे क्रमांकांच्या भाषेत ओळ ०, स्तंभ १.

क्वाटर्नियनच्या बाबतीत तर नावे अक्षरशः वाचवतात. त्रिमितीतले फिरणे सांगणाऱ्या या चार संख्या एनअल्जिब्राला देताना डब्ल्यू आधी द्यावा लागतो, मग आय, जे, के. मेमरीत मात्र त्या आय, जे, के, डब्ल्यू अशा बसतात. क्रमांकाने पहिली संख्या उचलणाऱ्याच्या हाती आय येतो. ‘डब्ल्यू’ असे नाव घेणाऱ्याला डब्ल्यूच मिळतो.