नख काळं पडलंय: साकळलेलं रक्त की काळा पट्टा?

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करून आलं की आमच्या घरात कुणाचं ना कुणाचं पायाचं नख काळं पडतंच. यंदा माझं पडलं. उतारावर बोट पुढे सरकून बुटाच्या टोकाला आपटत राहतं, त्यात पावसाने मोजे ओले. घरी येऊन मोजा काढला तर अंगठ्याचं नख जांभळं आणि रात्रभर ठणका.

त्याच घरात माझ्या आत्याच्या उजव्या हाताच्या अंगठ्यावरही काळं होतं. ती निफाडकडे द्राक्षबागेत छाटणीला, विरळणीला जाते. कात्रीत, तारेत, क्रेटखाली बोट चिमटणं रोजचंच, म्हणून आम्ही सगळ्यांनी ‘मार लागला असेल’ म्हणत ते सोडून दिलं. एका दवाखान्यात बुरशी समजून मलम दिलं, ते बिचारीने पाच महिने लावलं. मग एका दुपारी तिचा हात आणि माझा पाय शेजारी ठेवून नीट पाहिलं, तेव्हा फरक डोळ्यांत भरला.

माझ्या नखावर डाग होता. गोलसर, काळपट जांभळा, मागची कड थोडी वळलेली, आणि त्या कडेच्या मागे मुळाशी नुकतं उगवलेलं कोरं गुलाबी नख. आत्याच्या नखावर मात्र पट्टा होता. कातडीतून नख जिथे बाहेर येतं तिथपासून थेट टोकापर्यंत, पट्टीने आखल्यासारखा उभा, तपकिरी-काळा. मागे कोरी जागा कुठेच नाही.

असं का होतं, हे नख कसं वाढतं ते कळलं की लक्षात येतं. नख मुळाशी, कातडीच्या आत तयार होतं आणि हळूहळू पुढे ढकललं जातं. हाताचं महिन्याला साधारण 3 मिलिमीटर, पायाचं 1 ते दीड. मार लागला की नखाखाली रक्त फुटून साकळतं, नखाला चिकटतं आणि त्याच्याबरोबर पुढे सरकत जातं. पट्ट्याचं तसं नाही. तिथे मुळातल्या रंगपेशीच मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवत असतात, त्यामुळे नवं नख बाहेर येतं तेच रंग घेऊन. शेताच्या पाटात मधेच कुणी रंगाची पुडी टाकली तर रंग वाहून जातो आणि मागून स्वच्छ पाणी येतं. पाटाच्या तोंडाशीच रंगाची गोणी फुटली असेल तर पाणी शेवटपर्यंत रंगीतच राहणार.

म्हणून घरी करण्यासारखी एकच गोष्ट सांगते. नेलपॉलिश काढा, उजेडात फोटो घ्या, त्यावर तारीख टाका. मुलांच्या कंपासमधल्या पट्टीने मुळापासून डागाच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा आणि दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. रक्त असेल तर हाताच्या नखावर ते 5-6 मिलिमीटर पुढे गेलेलं दिसेल, पायाच्या नखावर 2-3. हाताचं नख पूर्ण बदलायला सहा महिने लागतात, पायाच्या अंगठ्याचं वर्ष ते दीड वर्ष. पण ही मोजणी डागासाठी आहे. मुळापासून टोकापर्यंत पट्टा दिसत असेल तर दोन महिने थांबू नका, आधी दाखवून घ्या.

‘मार लागला होता’ या आठवणीवर मात्र विसंबू नये. बॉब मार्ली या गायकाच्या पायाच्या अंगठ्याला झालेली जखम फुटबॉलची समजली गेली; 1977 मध्ये कळलं की नखाखाली मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग आहे. 1981 मध्ये, वयाच्या 36व्या वर्षी तो गेला. आणि कर्करोगाच्या गाठीतूनही रक्त येऊ शकतं, म्हणून मार न लागता त्याच नखाखाली पुन्हा पुन्हा रक्त साकळत असेल तर दाखवायलाच हवं.

घाबरवायचं नाही, कारण बहुतेक पट्टे निरुपद्रवी असतात. आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांत ते सहज दिसतात, बरेचदा एकापेक्षा जास्त नखांवर. गरोदरपणात येतात, सततच्या घर्षणाने येतात, काही औषधांनी, विशेषतः केमोथेरपीने येतात. आमच्यासारख्या माळकरी घरात आणखी एक कारण ध्यानात ठेवावं. बी-12 कमी पडलं की नखं आणि बोटांच्या पेरांवरची कातडीही काळवंडते. रक्ततपासणीत ते कळतं, आणि उपचार घेतले की रंग हळूहळू उतरतो.

काळजीचा पट्टा निराळा असतो. एकाच बोटावर, त्यातही हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्यावर, मोठ्या वयात नव्याने आलेला. रुंदी 3 मिलिमीटरच्या वर, मुळाशी जास्त रुंद म्हणजे पट्टा वाढतोय, कडा पुसट, रंग कुठे फिका कुठे गडद, नख मधोमध चिरलेलं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नखाचा काळा रंग शेजारच्या कातडीवर उतरलेला आहे का ते पाहा. असा मेलॅनोमा दुर्मीळ आहे हे खरं, पण सावळ्या लोकांत मेलॅनोमा होतो तेव्हा तळहात, तळपाय आणि नखं याच जागी तो जास्त आढळतो, आणि आपण नेमकं तिथेच बघत नाही.

ताज्या माराचं रक्त फार ठणकत असेल तर डॉक्टर पहिल्या एक-दोन दिवसांत नखाला बारीक छिद्र पाडून ते बाहेर काढतात, लगेच आराम पडतो. घरी सुई तापवून हा उद्योग करू नये, मधुमेह असेल तर मुळीच नको. बोट वाकडं वाटलं तर एक्स-रेही काढावा.

आत्याला आम्ही नाशिकला त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी आधी डर्मोस्कोपने, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणाऱ्या दिव्याच्या भिंगाने, पाहिलं. एकच अंगठा आणि 4 मिलिमीटर रुंदी, म्हणून बोट बधिर करून नखाच्या मुळाचा छोटा तुकडा तपासायला पाठवला. दहा दिवस घरात कुणाला नीट जेवण गेलं नाही. रिपोर्टमध्ये कर्करोग निघाला नाही. पट्टा अजून आहे. दर सहा महिन्यांनी फोटो काढून दाखवायला सांगितलंय, आणि मलम बंद झालंय. माझ्या नखावरचा डाग तोवर अर्ध्यावर आला होता.