सॅमामिश तलावातले कोकॅनी मासे आणि त्यांचं पुनरुज्जीवन

कोकॅनी म्हणजे समुद्रात न जाणारा सॉकाय सॅल्मन. शास्त्रीय नाव दोघांचंही एकच, ऑन्कोरिंकस नेरका, पण सॉकायची पिल्लं तळ्यात थोडी वाढली की समुद्र गाठतात आणि कोकॅनी मात्र अख्खा जन्म गोड्या पाण्यातच काढतो, त्यामुळे अंगानेही लहानच राहतो. ही नोंद अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या सॅमामिश तलावातल्या मूळ कोकॅनीबद्दल आहे. तलाव सिएटलच्या पूर्वेला, साधारण 11 किलोमीटर लांब आणि जास्तीत जास्त 32 मीटर खोल, काठावर रेडमंड, बेलव्ह्यू, इसाक्वा, सॅमामिश अशी गावं, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा इलाखा आणि मराठी घरंही इथे भरपूर. वीकेंडला काठावर फिरायला सगळेच जातात, पण शेजारच्या ओढ्यात काय चाललंय ते बघणारे कमी.

आपल्याकडे पहिल्या पावसात चढणीचे मासे ओहोळात शिरतात तसेच हे पण शिरतात, फक्त इथे सीझन नोव्हेंबर ते जानेवारीचा, कडाक्याच्या थंडीतला. तलावात तीन-चार वर्षं प्राणिप्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) खाऊन वाढलेला चंदेरी मासा विणीच्या वेळी लालभडक होतो, डोकं हिरवट, नराच्या पाठीला कुबड आणि जबडा आकड्यासारखा वळलेला. मादी शेपटीने गोटे उडवून खळगा करते, अंडी घालते, वरून परत गोटे लोटते, आणि मग नर-मादी दोघंही मरतात. पिल्लं वसंतात बाहेर येतात आणि रात्रीच्या अंधारातच वाहत तलावात उतरतात कारण दिवसा उतरली तर कटथ्रोट ट्राउट वगैरे पिल्लं खाणारी मासेमंडळी टपलेलीच असतात.

इथल्या स्नोक्वाल्मी या मूळनिवासी जमातीच्या लोकांसाठी हा मासा महत्त्वाचा, आणि कारण अगदी व्यवहाराचं आहे: बाकीचे सॅल्मन संपत आले की हा ओढ्यात यायचा, त्यामुळे ऐन हिवाळ्यात ताजा मासा मिळायचा.

मग बिघडलं कुठे? एका गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. 1916-17 च्या सुमाराला सिएटलमध्ये जहाजांसाठी कालवा आणि लॉक (जहाज एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणारे दरवाजे) बांधले, त्यात खालच्या वॉशिंग्टन तलावाची पातळी जवळपास पावणेतीन मीटर उतरली. 1960 च्या दशकात या दोन तलावांना जोडणारी सॅमामिश नदी पूर नको म्हणून खोदून सरळ केली. नंतर घरं आली, रस्ते आले, पार्किंग आलं, पाऊस जमिनीत मुरायचा तो थेट ओढ्यात धावायला लागला आणि लोंढ्यात खळगे अंड्यांसकट धुऊन जायला लागले. शिवाय उन्हाळ्यात तलावाचं वरचं पाणी जास्त तापतं आणि तळाच्या पाण्यात ऑक्सिजन उरत नाही, मासा मधल्या पट्ट्यात कोंडला जातो, आणि वर्षागणिक तो पट्टा किती जाड राहील याचा भरवसा नाही. इसाक्वा ओढ्यात उन्हाळ्याच्या शेवटी चढणारा कोकॅनीचा एक वेगळा कळप होता, तो 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत संपलाच. आज जे वाचवायचं चाललंय ते हिवाळी कळपाचं.

आता मोरीबद्दल, कारण माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सर्वात कमी बोललं जातं ते हिच्याबद्दल. रस्त्याखालून ओढा न्यायचा म्हणून एक अरुंद पाइप टाकतात, त्यात पाण्याचा वेग वाढतो, पाइपच्या खालच्या तोंडाशी जमीन खरवडत जाते आणि काही वर्षांत पाइप हवेत लटकतो. माशाने आता उडी मारून आत शिरायचं आणि वरून येणाऱ्या धारेशी झगडत पलीकडे निघायचं, इतका छोटा मासा कुठून जाणार? वॉशिंग्टनमध्ये हा कोर्टाचाही विषय आहे: जमाती आणि अमेरिकन सरकार यांच्यात 1855 च्या आसपास झालेल्या करारांच्या आधारे 1974 मध्ये जज बोल्ट यांनी करार केलेल्या जमातींना पकडण्याजोग्या माशांचा निम्मा वाटा दिला, आणि 2018 मध्ये सुप्रीम कोर्टात 4-4 अशी बरोबरी झाल्याने मासे अडवणाऱ्या मोऱ्या दुरुस्त करायचा खालच्या कोर्टाचा हुकूम कायम राहिला. तो हुकूम राज्याच्या रस्त्यांपुरता, गावचे रस्ते गावाने बघायचे. त्याच वर्षी झॅक्यूज ओढ्यावरची मोरी बदलली, ओढ्याला नाव स्नोक्वाल्मी पुढाऱ्याचं, आणि कामात जमातही सोबत होती. नवी मोरी रुंद असते आणि तिच्या पोटात ओढ्यासारखाच गोट्यांचा तळ करतात. एब्राइट ओढ्यावर तर एका खाजगी जमीनमालकाने आपल्या हद्दीतला ओढा स्वतःहून सुधारला.

2007 पासून काउंटी, काठची गावं, जमात, राज्य आणि केंद्राचे मत्स्यखाते, रहिवासी असे सगळे एका वर्क ग्रुपमध्ये बसतात. हा मासा संकटग्रस्त यादीत घ्यावा असा अर्जही झाला होता पण 2011 मध्ये केंद्राच्या खात्याने तो फेटाळला, हे मासे कायद्यातल्या वेगळ्या गटाच्या व्याख्येत बसत नाहीत म्हणून. कायद्याचं असेल बरोबर, पण जनुकीय तपासणीत हे मासे याच राज्यातल्या व्हॉटकम तलावातून आणून जागोजागी सोडलेल्या हॅचरीच्या (अंडी उबवून पिल्लं वाढवायच्या केंद्राच्या) कोकॅनीपेक्षा वेगळे निघालेत, म्हणजे गेले तर दुकानातून नवीन आणता येणार नाहीत.

म्हणून हॅचरीतही इथलेच नर-मादी धरून अंडी उबवतात. उबवताना पाण्याचं तापमान ठरावीक वेळापत्रकाने वरखाली करतात, त्याच्या रेघा पिल्लाच्या कानातल्या बारीक खड्यावर उमटतात, आणि तीन-चार वर्षांनी मेलेला मासा मिळाला की खडा काढून तो हॅचरीचा की ओढ्यातला ते कळतं. पिल्लं मात्र आपापल्या ओढ्यातच सोडतात, म्हणजे परतायची वाट लक्षात राहते. एवढं करूनही आकडे भरवशाचे नाहीत: 2012-13 च्या हिवाळ्यात परतणारे मासे हजारोंनी होते आणि 2017-18 ला वीससुद्धा भरले नाहीत. त्यानंतर घाईने काही मासे हॅचरीतच मोठे करून त्यांच्याकडून अंडी घ्यायची सोय केली, सगळी अंडी एकाच टोपलीत नकोत म्हणून.

मासेमारीचं म्हणाल तर सॅमामिशमध्ये हौशी लोकांना कोकॅनी ठेवून घ्यायची परवानगी नाही, आणि जमातीलाही तो पूर्वीसारखा मिळत नाही. राज्यात इतरत्र मात्र कोकॅनीमागे वेडे झालेले लोक आहेत, गळाला पांढऱ्या मक्याचा एक दाणा लावतात आणि मासा हळूच ओढतात कारण ओठ इतके नाजूक की जरा हिसका दिला तर फाटून मासा पसार. रूझवेल्ट जलाशयात तर हीच मासेमारी जमात आणि हौशी लोक दोघांसाठी उभी केली आहे. हा जलाशय ज्याच्यामुळे झाला त्या, 1942 मध्ये पूर्ण झालेल्या ग्रँड कूली धरणाला माशांसाठी जिनाच ठेवला नाही, समुद्रातून येणारे सॅल्मन कायमचे अडले, 1940 च्या जूनमध्ये केटल फॉल्स या धबधब्यापाशी जमातींनी जमून तो बुडायच्या आधी शोक केला होता. आता तिथे स्पोकेन जमातीच्या हॅचरीतले कोकॅनी सोडतात. ती भरपाई आहे. सॅमामिशमध्ये मूळचाच मासा अजून जिवंत आहे हा मोठा फरक.

बघायचे असतील तर नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत लुइस, एब्राइट किंवा लाफिंग जेकब्स ओढ्याकडे जावं, मोठ्या पावसानंतर दिसण्याची शक्यता जास्त. पाण्यात उतरू नये आणि कुत्रंही सोडू नये, गोट्यांखाली अंडी असतात आणि ती थेट वसंतापर्यंत तिथेच असतात.