बहुसदस्यीय प्रभाग (ठाणे व नवी मुंबई)

महानगरपालिका निवडणुकीत एकाच मतदारक्षेत्रातून दोन, तीन किंवा चार नगरसेवक निवडून देण्याची पद्धत. बोलीभाषेत 'पॅनेल'. जानेवारी २०२६च्या निवडणुकीत ठाण्यात १३१ जागांसाठी ३३, तर नवी मुंबईत १११ जागांसाठी २८ प्रभाग होते. दोन्ही शहरांत एकेक प्रभाग तीन सदस्यांचा आणि उरलेले सर्व चार सदस्यांचे होते.

या पद्धतीचे मूळ कोठे शोधायचे यावर मतभेद आहेत. एका मतानुसार ते १९५२ व १९५७च्या लोकसभा-विधानसभा निवडणुकांतील द्विसदस्य मतदारसंघांत आहे, तर काही जण आणखी मागे, १९३७च्या मुंबई प्रांतिक निवडणुकीपर्यंत जातात. त्या निवडणुकीत बहुसदस्य मतदारसंघात मतदाराला आपली सर्व मते एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकता येत. ठाणे लोकसभा मतदारसंघही १९५७मध्ये द्विसदस्य होता. कम्युनिस्ट नेते शामराव परुळेकर त्या वेळी तेथूनच निवडून आले. मात्र हे साम्य वरवरचे असावे. द्विसदस्य मतदारसंघात सर्व उमेदवारांची मतमोजणी एकत्र होई. राखीव जागा राखीव गटातील सर्वाधिक मतांच्या उमेदवाराला मिळे आणि दुसरी जागा उरलेल्या सर्वांत पुढे असलेल्याला, मग तो कोणत्याही गटातला असो. आंध्रातील पार्वतीपुरम मतदारसंघात १९५७मध्ये अशा रीतीने दोन्ही जागा अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना मिळाल्या. पराभूत उमेदवार व्ही. व्ही. गिरी यांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली, पण निकाल त्यांच्या विरोधात गेला. १९६१च्या कायद्याने हे मतदारसंघ रद्द झाले.

आजच्या प्रभागात अ, ब, क, ड या जागांवर उमेदवारी अर्ज, आरक्षण, मतपत्रिका आणि निकाल असे सारे स्वतंत्र असते. 'अ' जागेवरचा पराभूत उमेदवार 'ड' जागेवरील विजेत्यापेक्षा जास्त मते घेऊनही पराभूतच राहतो. म्हणजे मतदारयादी एक असली तरी निवडणुका चार असतात. त्यामुळे ही पद्धत जुन्या द्विसदस्य मतदारसंघांची वारस नसून राज्याच्या महापालिका कायद्यात अलीकडे झालेल्या दुरुस्त्यांतून घडली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

या दुरुस्त्यांत सातत्य नाही. राज्यात साधारणपणे २००२मध्ये तीन, २००७मध्ये एक, २०१२मध्ये दोन आणि २०१७मध्ये चार सदस्यांचे प्रभाग होते. पुढे २०१९च्या अखेरीस पुन्हा एकसदस्य, २०२१मध्ये तीन आणि २०२२मध्ये चार असे निर्णय झाले; त्यांपैकी पहिल्या दोन निर्णयांनुसार ठाण्यात मतदान झालेच नाही. मुंबई महानगरपालिकेत मात्र एकसदस्य प्रभाग कायम राहिले. ठाण्यात २०१७मध्ये चारसदस्य रचनेत शिवसेनेला ६७ जागा मिळाल्या, म्हणजे बहुमतापेक्षा एक जास्त. नवी मुंबईत २०१५ची निवडणूक १११ एकसदस्य प्रभागांत झाली होती, त्यामुळे तेथील मतदारांना 'पॅनेल'चा अनुभव २०२६मध्येच आला.

प्रभागांचे क्रमांक उत्तरेकडून सुरू होतात. नवी मुंबईत हा क्रम दिघ्याकडून बेलापूरकडे जातो. २०११च्या जनगणनेनुसार चारसदस्य प्रभागाची सरासरी लोकसंख्या ठाण्यात छप्पन हजारांच्या, तर नवी मुंबईत चाळीस हजारांच्या आसपास येते. इतक्या मोठ्या क्षेत्रात गटार तुंबले तर चौघांपैकी कोणाकडे जायचे, हा रहिवाशांचा प्रश्न रास्त आहे. कायद्याने चौघेही संपूर्ण प्रभागाचे प्रतिनिधी असतात, व्यवहारात मात्र ते आपापसांत भाग वाटून घेतात. अपक्षांना हा विस्तार पेलणे कठीण जाते आणि पक्षचिन्हाचे महत्त्व वाढते.

मतदाराला चार जागांवर चार वेगवेगळ्या पक्षांचे उमेदवार निवडता येतात. असे मतदान मोठ्या प्रमाणावर झाले की 'पॅनेल फुटले' असे म्हणतात. एखाद्या जागेवर कोणीच पसंत नसेल तर तेथे 'नोटा'चे बटण दाबावे लागते. चारही मते नोंदवल्याखेरीज मतदान पूर्ण होत नाही.

प्रभाग आणि प्रभाग समिती यांत गल्लत होऊ नये. प्रभाग समिती हा अनेक प्रभागांचा प्रशासकीय गट असतो. ठाण्यात नौपाडा-कोपरी, कळवा, मुंब्रा, दिवा अशा नऊ समित्या आहेत. नवी मुंबईत नागरिकांचे दैनंदिन काम बेलापूर, नेरूळ, वाशी, ऐरोली आदी विभाग कार्यालयांशी येते.

मुदत संपण्यापूर्वी एखादी जागा रिक्त झाल्यास पोटनिवडणूक फक्त त्या अक्षराच्या जागेसाठी होते, मतदान मात्र संपूर्ण प्रभाग करतो.